उकळत्या पाण्याचे अंश

सहावी-सातवीच्या मुलामुलींस ‘द्रव्य’ हा विषय शिकवूं लागले म्हणजे घरोघर एका विशेष वहीची गडबड सुरू होते. बर्फाचा तुकडा, पाण्याचा पेला आणि वाफाळणारी किटली हीं तीन चित्रें दुकानांतून आणलेल्या छापील पत्रकावरून कापून चिकटवावयाचीं; त्यांखालीं स्थायु, द्रव व वायु यांच्या व्याख्या रंगीत शाईनें लिहावयाच्या; आणि शेवटीं ‘निष्कर्ष’ म्हणून पुस्तकांतील वाक्य जसेंच्या तसें उतरावयाचें. (जुन्या पुस्तकांतून ‘घन’ म्हणत, हल्लीं ‘स्थायू’ म्हणतात, आमच्या कानास अजून ‘घन’च बरा वाटतो.) चिकटविण्याचें काम बहुधा आईच्या वांट्यास येतें. वही सुंदर दिसते, तीस गुणही मिळतात. परंतु ज्या द्रव्याविषयीं ती आहे, त्या द्रव्यास मुलाचा हात त्या आठवड्यांत लागला होता कीं नाहीं, हें तींत कोठेंही दिसत नाहीं.

हात लावणाऱ्या मुलाचें काय होतें, तेंही आम्हीं पाहिलें आहे. आमच्या धनज गांवीं, वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत, शेजारीं एक एकत्र कुटुंब आहे. त्या घरच्या सहावींतील मुलीस ‘पाण्याचा उत्कलनबिंदु पाहा व लिहा’ असा अभ्यास मिळाला. इतर मुलांनीं पुस्तक उघडून १०० अंश असें लिहिलें. हिनें आमच्याकडून काचेचा उष्णतामापक मागून नेला, आजीस पातेलें चुलीवर ठेवावयास लाविलें, आणि पाणी खळखळूं लागल्यावर पारा कोठें थांबतो तें तीनदां पाहिलें. तो ९८ व ९९ यांच्या मधोमध थांबला. तिनें ‘साडेअठ्ठ्याण्णव’ असें लिहिलें. वही परत आली ती त्यावर तांबडी रेघ व शेजारीं १०० हा आंकडा घेऊन. घरीं काका म्हणाले, “परीक्षेंत शंभरच विचारतात; शंभर लिहीत जा.” काकांचें म्हणणें व्यवहारास धरून होतें, आणि ढीगभर वह्या तपासणाऱ्या शिक्षकासही आम्ही फार दोष देत नाहीं. पण पुढील आठवड्यांत आम्हीं तिला खोबरेल तेल किती अंशांवर वितळतें तें पाहावयास सांगितलें, तेव्हां उष्णतामापकास हात लावण्यापूर्वींच तिनें विचारलें, “आजोबा, उत्तर किती यायला पाहिजे?”

हा प्रश्न आमच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं.

मुलीचें पाणी चुकलें नव्हतें. पाणी उकळतें म्हणजे त्याच्या वाफेचा दाब वरील हवेच्या दाबाइतका होतो. समुद्रकांठीं आपल्या डोक्यावर हवेचा सर्वांत जाड थर असतो. जसजसें उंच जावें तसतसा तो थर पातळ होतो, दाब उतरतो, आणि पाणी कमी तापूनही उकळूं लागतें. साधारण दर तीनशें मीटर उंचीस एक अंश, असा स्थूल हिशेब धरावा. आमचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून चारशें मीटरांच्या आसपास आहे. तेव्हां येथें पाण्यानें अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवांच्या दरम्यान उकळावें हेंच योग्य. मालवणास तें शंभरावर उकळेल. आमच्या विदर्भांतील चिखलदऱ्यास, सुमारे अकराशें मीटरांवर, छप्पन्न पदार्थ चुलीवर चढविले तरी पाणी शहाण्णवाच्या पुढें फारसें जाणार नाहीं, आणि उघड्या पातेल्यांत डाळ शिजावयास तेथें वेळ अधिक लागेल. प्रेशर कुकर करतो तें याच्या नेमकें उलट: वाफ कोंडून दाब वाढवितो, म्हणून आंतील पाणी १२० अंशांच्या सुमारास जाऊन पोहोंचतें. सबंध महाराष्ट्रास पाठ्यपुस्तक एक आहे, तें असावयासही हवें. पण मालवण आणि चिखलदरा यांची हवा एक नाहीं.

आणखी गंमत अशी कीं, ज्यानें हे शंभर अंश आंखले त्यासही हें ठाऊक होतें. स्वीडन देशच्या सेल्सिअस या ज्योतिषशास्त्रज्ञानें १७४२ सालीं आपलें मोजमाप मांडलें. त्यानें प्रथम उकळत्या पाण्यास शून्य व गोठणाऱ्या पाण्यास शंभर असें उलटें धरिलें होतें. तें पुढें लवकरच फिरविण्यांत आलें. बर्फ वितळण्याचा अंश जागोजाग सारखा राहतो, परंतु उकळण्याचा अंश हवेच्या दाबाप्रमाणें हालतो, हें त्यानें तेव्हांच पाहून ठेविलें होतें. म्हणजे त्याचे शंभर अंश ठराविक दाबाचे आहेत. ती अट वर्गांतून केव्हांच गळून पडली आणि उरला तो नुसता आंकडा.

आमचें थोडेंबहुत संस्कृत झालेलें असल्यामुळें या ठिकाणीं न्यायशास्त्राची आठवण होते. नैयायिकांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानिलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांत प्रत्यक्ष पहिलें. आमच्या मुलांच्या वहींत मात्र शब्द पहिला, आणि प्रत्यक्ष त्याच्याशीं जुळलें नाहीं तर तें खोडावयाचें! यांत नव्या शाळेचाच दोष आहे, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत द्रवत्वाचे दोन प्रकार सांगितले आहेत: पाण्याचें स्वाभाविक आणि तूप, सोनें इत्यादिकांचें नैमित्तिक, म्हणजे अग्नीच्या योगानें येणारें. तुपाविषयींचें निरीक्षण किती बारीक आहे! पण पाण्याचें द्रवत्व एकदां स्वाभाविक ठरल्यावर गारांची अडचण उभी राहिली. गार तर हातांत कठीण लागते. त्यावर या परंपरेंतील ग्रंथकारांनीं गारेच्या काठिण्याचा प्रत्यय भ्रांतिरूप मानून वाट काढिली. विदर्भांतील शेतकऱ्यास, ज्याचा उभा गहू-हरभरा फाल्गुनांतील गारांनीं झोडपला जातो, ती भ्रांति होती असें कोण सांगूं शकेल? सिद्धांत राखण्यासाठीं गार खोडली काय किंवा साडेअठ्ठ्याण्णव खोडले काय, प्रकार एकच. पाणीही तुपासारखेंच आहे. त्याचा वितळण्याचा अंश शून्य आणि तुपाचा त्याहून बराच वर, एवढाच भेद.

याहून निराळी रीत चालूं शकते, हें आपल्या शेजारींच दिसून आलें आहे. सातपुड्यापलीकडे मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकविण्याचा एक उपक्रम सुरू झाला. तेथील सहावी ते आठवीच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग कसा करावा हें दिलेलें असे, उत्तर दिलेलें नसे. मुलांनीं टोळ्या करून प्रयोग करावा, काय दिसलें तें लिहावें, आणि निरनिराळ्या टोळ्यांचे आंकडे जुळले नाहींत तर तें कां, याची वर्गांत चर्चा करावी. परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा असे आणि हातानें करावयाचे प्रयोगही असत. पुढें १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें तें काम पुष्कळ वाढविलें. २००२ सालीं सरकारी आज्ञेनें तें बंद झालें. तीस वर्षें खेड्यांतील साध्या शाळांतून साध्या शिक्षकांनीं चालविलेली गोष्ट अशी बंद व्हावी, याचें आम्हांस वाईट वाटतें. तथापि ती चालली होती, एवढें तरी तिच्या विरोधकांसही नाकारतां येणार नाहीं.

सरकारी आज्ञेची गरज स्वयंपाकघरास नाहीं. तेथें द्रव्याचे धडे रोज मांडलेले असतात आणि त्यांचें ज्ञान घरांतील वडील स्त्रियांस उत्तम असतें. फक्त तें विज्ञान म्हणून कोणी विचारीत नाहीं. डाळीस उकळी फुटली म्हणजे आजी आंच मंद करते. कां? उकळी आल्यानंतर आंच कितीही वाढविली तरी पाणी अधिक तापत नाहीं, फक्त लवकर आटतें. सारी उष्णता वाफ करण्यांत खर्च होते. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनीं १७६० च्या सुमारास हीच गोष्ट मोजून दाखविली. मुलास उष्णतामापक हातीं देऊन मंद आंचेवर व मोठ्या आंचेवर दोनदां पाहावयास सांगावें. आजीचें शहाणपण त्यास आंकड्यांत दिसेल. देवघरांतील कापूर उघड्या वाटींत ठेवून दर आठवड्यास तोलावा. न वितळतां तो उणा होत जातो. उन्हाळ्यांत नव्या माठांतील व पितळेच्या घागरींतील पाण्याचे अंश दुपारीं शेजारींशेजारीं पाहावेत, आणि पावसाळ्यांत पुन्हां पाहावेत. दोन्ही ऋतूंतील अंतर सारखें येणार नाहीं, आणि कां येत नाहीं हें मुलानेंच शोधावें.

खोबरेल तेलाचें तर हे दिवस आहेत. तें २४-२५ अंशांच्या सुमारास वितळतें, असें पुस्तकें सांगतात. पण आंकडा मुलास आधीं सांगूं नये. रात्रीं गोठलेली बाटली सकाळीं कोमट पाण्यांत उभी करून, उष्णतामापक तेलांत धरून, कडेनें पाझर सुटतो तेव्हांचा आणि शेवटचा कण विरतो तेव्हांचा असे दोन आंकडे लिहावेत. ते एक येणार नाहींत. तेल हें अनेक स्निग्ध द्रव्यांचें मिश्रण आहे, त्याचें वितळणें एका बिंदूवर होत नाहीं. आमच्या शेजारच्या मुलीस हे दोन आंकडे निराळे आले तेव्हां ती पुन्हां विचारावयास आली कीं यांतला खरा कोणता. आम्हीं तिला दोन्ही लिहावयास सांगितले आहेत. पाण्याचे साडेअठ्ठ्याण्णवही तिनें आतां मागील पानावर पुन्हां लिहून ठेविले आहेत, शाळेस दाखविण्याच्या पानावर नव्हे. तेवढा सावधपणा ती शिकली आहे.

ज्या घरांतून उकळत्या पाण्याचा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. ताप पाहण्याचा उष्णतामापक उकळत्या पाण्यांत घालूं नये, तो फुटतो. प्रयोगशाळेचा, ११० अंशांपर्यंत खुणा असलेला आणावा. तो प्रथम कुटलेल्या वितळत्या बर्फांत धरून शून्य दाखवितो कीं नाहीं तें पाहावें. एक अंश पुढें-मागें असेल तर तेवढी वजाबाकी करावी. त्याचा फुगा पातेल्याच्या बुडास लागूं देऊं नये. पाण्यांत चिमूटभर मीठ असल्यास भिण्याचें कारण नाहीं, त्यानें अंशाचा दहावा भागही फारसा हालत नाहीं. वाफेनें हात भाजतो, म्हणून मोठें माणूस जवळ असावें. आपल्या मुलांनीं पाहिलेला आंकडा, गांवाचें नांव व माहीत असल्यास गांवाची उंची, असें तिन्ही आम्हांस कळवावें. कोंकण, देश, वऱ्हाड, घाटमाथा येथून जे आंकडे येतील ते न सुधारतां, उंचीच्या क्रमानें पुढील एका अंकांत देऊं.