परिषदेनंतरचा पहिला हंगाम

कोइम्बतूर येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये भरलेल्या दक्षिण भारत नैसर्गिक शेती परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांना मोजका सल्ला दिला : एक एकर, एक हंगाम. सगळी जमीन एकदम न वळवता एका एकरावर एक हंगाम प्रयोग करून पाहावा, असा त्याचा आशय. डिसेंबर २०२१ मध्ये आणंदच्या परिषदेत शेतीला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाहेर काढून निसर्गाच्या प्रयोगशाळेशी जोडण्याचे आवाहन झाले होते. त्या तुलनेत हा सल्ला अधिक व्यवहाराला धरून आहे. मात्र, परिषदेला प्रथमच गेलेल्या शेतकऱ्याची अडचण त्याने सुटते का, हा खरा प्रश्न आहे.

अशा परिषदांतून नवख्या शेतकऱ्याच्या हाती बहुधा एक कृती पडते. २०० लिटर पाणी, दहा किलो शेण, तेवढेच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. झाले एकरभराचे जीवामृत. महाराष्ट्राला ही कृती नवी नाही. तिचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृती सोपी आहे, पण गावी परतल्यावर हिशेब सुरू होतो. बागायतदार पाटाच्या पाण्याबरोबर जीवामृत सोडू शकतो. कोरडवाहू कापूस किंवा तूर घेणाऱ्याला ते फवारावे वा ओतावे लागते आणि तेही हंगामात पुन्हा पुन्हा. ही मजुरी ‘शून्य खर्चा’त कोठे धरली जाते, हे सहसा सांगितले जात नाही. शिवाय गोठ्यात गाय हवी. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली आढळली होती.

याहून अवघड आहे तो मधला काळ. वर्षानुवर्षे रासायनिक खतांवर पोसलेल्या जमिनीत खत बंद केल्यावर सुरुवातीला उत्पादन घटण्याची शक्यता असते. किती घटते, याबाबत एकमत नाही. ‘शून्य खर्च’ पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ मध्येच घेतला होता. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमांनुसार हंगामी पिकांना दोन, तर फळबागांना तीन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. म्हणजे उत्पादन घटण्याची भीती आधी आणि वाढीव भावाची शक्यता नंतर! एका हंगामात खर्चाचा अंदाज येतो, जमिनीचा येत नाही. पाऊस चांगला झाला तर पद्धतीला श्रेय मिळते. ओढ दिली तर तीच बदनाम होते.

घाईचे काय होते, हे श्रीलंकेने दाखवून दिले. तेथे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद करण्यात आली आणि भात व चहाच्या उत्पादकांना फटका बसल्यावर काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. आपल्याकडे सक्ती नाही, ही समाधानाची बाब.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. तरतूद २ हजार ४८१ कोटींची. उद्दिष्ट एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे आणि साडेसात लाख हेक्टरवर ही शेती सुरू करण्याचे. भागाकार केला तर माणशी साडेसात गुंठे येतात. एक एकरही नाही! सहभागी शेतकऱ्याला एकरी वर्षाला चार हजार रुपये दोन वर्षे, तेही एका एकरापुरते, अशी मदतीची रचना आहे. ही रक्कम प्रशिक्षण, जनावरांचे संगोपन व निविष्ठा तयार करण्यासाठी आहे; घटलेल्या उत्पादनाची ती भरपाई नव्हे. दुसरीकडे, २४२ रुपयांना ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे दुकानात हजर असते.

विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेती मिशन सुरू केले, तेव्हा शेतकऱ्यांचे गट बांधून विक्रीची सोय करण्याचा विचार त्यात होता. परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत या विषयाला वेळ कमी मिळतो. व्यासपीठावर येतात ते प्रामुख्याने दहा-पंधरा वर्षे तग धरलेले, यशस्वी शेतकरी. पहिल्या वर्षी कमी पिकले तेव्हा सोसायटीचे पीककर्ज त्यांनी कसे फेडले, ही माहिती नवख्याला जीवामृताच्या कृतीइतकीच हवी असते. कारण त्या एका एकराचे कर्जही उरलेल्या रानाबरोबर मार्चअखेरच भरायचे असते.