जोडवी रुतायला लागली की...

बचत गटाच्या बैठकीत बायका चपला काढून सतरंजीवर बसल्या, की हल्ली माझं लक्ष आधी त्यांच्या पायांकडे जातं. कुणाची जोडवी बोटात रुतलेली, कुणाच्या घोट्यावर पैंजणाचा वळ. विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही ओ ताई, उभं राहून राहून पाय भरलेत." उन्हाचं नाव घेतील, वयाचं घेतील, पण डब्यातल्या गोळ्यांचं नाव कुणी घेत नाही.

शुगर असलेल्या बाईने नडगीवर अंगठा दाबून बघावा. खळगा तसाच राहिला तर ते पाणी आहे. किडनी किंवा हृदय थकल्याची ती खूण असू शकते. आणि कधीकधी कारण गोळीच असते.

पायोग्लिटाझोनचंच घ्या. शुगरची ही गोळी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालते, पुष्कळदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत. शुगर आटोक्यात येते, पण अंगात मीठ-पाणी धरून राहतं, इन्सुलिन चालू असेल तर जास्तच. हृदय कमजोर असलेल्यांना ती द्यायची नसते. जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून ती बंद केली. जुलै संपता संपता इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू केली. आता सांगा, तो इशारा आपल्या हातात पडतो कधी? मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतो, खोका आणि आतला कागद दुकानातच राहतो. हातात पडला तरी इंग्रजीत! माझ्या मते औषधाचा इशारा मराठीत, डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात हवा. बिस्किटाच्या पुड्यावर जाहिरात मराठीत येते, मग हे का नाही?

शुगरसोबत बीपी असतंच. त्यावरच्या अ‍ॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात. मग सुजेसाठी लघवीची गोळी वाढते. पण या सुजेला तिचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी मूळ गोळी बदलली किंवा मात्रा कमी केली तर फरक पडतो. आणि आपल्या बीड जिल्ह्यात तिसरी एक गोळी आहे, अंगदुखीची. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया कंबर धरली की दुकानातून ती घेतात आणि कोयता हातात धरतात. शुगर असताना ती रोज घेतली तर सूज वाढते, किडनीवरही ताण येतो.

हे वाचून कुणी उद्यापासून शुगरची गोळी बंद करू नका हं! शेजारणीची गोळी घेणं तर त्याहून वाईट. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "यातल्या कशानं पाय सुजतात का?" डॉक्टर वैतागले तरी विचारा. लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. सुजेबरोबर धाप लागत असेल, किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, लाल झाला असेल, तर बाजाराच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळीचा त्रास झाल्याची तक्रार आपल्यालाही करता येते. सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४. फोन करताना पट्टी हाताशी ठेवा, गोळीचं नाव विचारतात.