फॉरमॅटच्या आधी निदान

कॉम्प्युटर चालता चालता गोठला की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली आहेत. पहिले, "शेवटी यावर कोण बसले होते?" आणि दुसरे, "फॉरमॅट मारून टाका." पहिल्या वाक्यात आरोपी ठरतो, दुसऱ्यात शिक्षा होते. तपास मात्र कोणीच करत नाही. शाळेची संगणक खोली असो, मोहल्ल्यातले झेरॉक्सचे दुकान असो की घरातला जुना डेस्कटॉप, सगळीकडे रीत एकच.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, कॉम्प्युटर शिकवत नाही. तरी या विषयावर लिहिते आहे, कारण हा प्रश्न यंत्रापेक्षा आपल्या सवयीचा जास्त आहे. उर्दूत आजार ओळखण्याला 'तशखीस' म्हणतात. 'शख्स' म्हणजे व्यक्ती, हा शब्द त्याच धातूचा. नेमका कोण आहे ते ओळखणे, हा त्याचा मूळ भाव. जुने हकीम आधी तशखीस करत, मग तजवीज. आपण थेट तजवीजवर येतो, आणि तीही सर्वांना एकच.

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन असा एक घटक होता. उर्दू बोलणारे मूल मराठीत 'बाळ'ऐवजी 'बाल' आणि 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिते. त्याला शंभर वेळा शब्द लिहायला लावणे हा उपचार नव्हे. आधी पाहावे लागते की त्याला ळ आणि ल यांतला फरक ऐकू येतो का, ऐकू येत असेल तर उच्चारता येतो का, उच्चारता येत असेल तर लिहिताना चुकते का. एकेक पायरी वेगळी करून तपासायची. गोठणाऱ्या कॉम्प्युटरचे निदान यापेक्षा वेगळे नाही.

आधी दुखणे नीट ओळखू. संथ चालणे म्हणजे गोठणे नव्हे. निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा सुरू होणे हेही वेगळे. गोठणे म्हणजे चित्र जागच्या जागी थांबते, माऊसचा बाण हलत नाही, कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकत नाही. अशा वेळी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे, अडकले आहे ते एखादे सॉफ्टवेअर किंवा पडद्यावर चित्र दाखवणारा भाग. दिवाही ढिम्म असेल तर दुखणे खोल असण्याची शक्यता जास्त. एवढ्या एका चाचणीला पाच सेकंद लागतात आणि पैसा लागत नाही.

अडचण अशी की हे दुखणे वेळ सांगून येत नाही. सोमवारी तीनदा गोठते आणि नंतर चार दिवस गुणी बाळासारखे चालते. दुकानात नेले की तिथे ठणठणीत. दुकानदार म्हणतो, "काही नाही झाले, फॉरमॅट मारतो." म्हणून आपण त्याला 'कधीही, कसेही' होणारी गोष्ट म्हणतो. पण कारण सापडलेले नसणे आणि कारणच नसणे यांत फरक आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हा फरक शिकावा लागला. 1970च्या दशकात मेमरी चिपमधले आकडे मधूनच आपोआप बदलत होते. 1978 मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की चिपच्या सिरॅमिक वेष्टनात किरणोत्सारी द्रव्यांचे अत्यल्प अंश आहेत आणि त्यांतून निघणारे अल्फा कण हा गोंधळ घालतात. 2022 मध्ये रायझन प्रोसेसरची काही यंत्रे क्षणभर अडखळत होती. शोध घेता कारण निघाले सुरक्षेसाठीच्या एका फर्मवेअर सोयीत, आणि एएमडीने ते मान्य केले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरबद्दल लोक कितीतरी महिने तक्रार करत होते. अखेर 2024च्या जुलैमध्ये कंपनीने सांगितले की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. त्यासाठी दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण आधीच इजा झालेले प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरे होणार नव्हते. अशा यंत्रावर विंडोज दहा वेळा नव्याने टाकले असते तरी काय फरक पडला असता?

ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत त्यांना महिने लागले. आपल्या संगणक खोलीत मात्र सातवीतली मुलगी एका मिनिटात दोषी ठरते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना स्क्रीन गोठते. मागे रांग उभी असते. कोणीतरी मोठे माणूस ओरडते, "काय दाबलंस?" मुलगी म्हणते, "मैं कुछ नहीं दबाई, टीचर." तिचे खरे असते. नेहमीच्या वापरात कोणतेही बटण दाबल्याने धडधाकट यंत्र गोठत नाही, आणि गोठत असेल तर दोष यंत्राचा किंवा त्यातल्या सॉफ्टवेअरचा. पण त्या दिवसानंतर ती मुलगी कीबोर्डला हात लावताना बिचकते. जिच्या घरी कॉम्प्युटर नाही, जिला आठवड्यातून एकदा पाळी मिळते, तिच्यासाठी हे नुकसान हार्ड डिस्कपेक्षा मोठे आहे.

दुसरे नुकसान फॉरमॅटचे. उर्दू शिक्षकांच्या कितीतरी वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या इनपेजच्या फाइलींत पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये नाहीत, दुसरीकडे सहज उघडत नाहीत. मराठीचे जुने फॉन्टही तसेच. फॉरमॅट झाला, फाइली गेल्या, फॉन्ट गेले, आणि पंधरा दिवसांनी यंत्र पुन्हा गोठले, हा अनुभव कोणाला नाही?

मग करायचे काय? पहिले काम, दुरुस्तीला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून ठेवणे. हार्ड डिस्क आजारी असेल तर प्रत्येक तास मोलाचा.

दुसरे काम, यंत्राशेजारी एक वही टांगणे. तारीख, वेळ, यंत्र सुरू करून किती वेळ झाला होता, काय चालू होते, दिवे मंद झाले का. आमच्या शाळेतल्या एका यंत्रावर दोनदा फॉरमॅट होऊनही गोठणे थांबले नव्हते. मुलांनी तीन आठवडे वही भरली, तेव्हा दिसले की बहुतेक नोंदी पाण्याची मोटार सुरू होण्याच्या वेळेच्या आहेत. मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली येत होते आणि यंत्राचा थकलेला एसएमपीएस ते सांभाळू शकत नव्हता. एसएमपीएस बदलला, गोठणे थांबले. हे निदान आठवीच्या मुलांनी केले, दोन रेघी वहीत.

तिसरे, विंडोजची स्वतःची नोंदवही. तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिथे 'कर्नल-पॉवर 41' ही लाल नोंद पाहून लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. तो झाल्या घटनेचा पंचनामा आहे, कारण नव्हे. पाहायचे ते त्याच्या आधीच्या मिनिटांत. तिथे 'डिस्क'च्या नावाने 7 किंवा 153 क्रमांकाच्या नोंदी असतील तर संशय साठवणुकीवर जातो. डब्ल्यूएचईए नावाच्या नोंदी असतील तर प्रोसेसर, मेमरी अशा हार्डवेअरवर.

मग एकेक संशयित. मेमरीसाठी मेमटेस्ट86 पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर ती पुरेशी आहे. मग पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. पट्टी काढून तिचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलके पुसून पुन्हा घट्ट बसवणे हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि तो अनेकदा लागू पडतो. मात्र आधी वीज पूर्ण तोडावी. डिस्कसाठी स्मार्ट नावाची माहिती पाहावी. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' वाढत असतील तर डिस्क निरोप घेते आहे. पण 199 क्रमांकाचा, सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असते आणि साटा केबल खराब असते. ही केबल डिस्कच्या मानाने अगदी किरकोळ किमतीची. निदान न करता डिस्क बदलणारा माणूस या ठिकाणी हजारो रुपये घालवतो.

धूळ आणि उष्णता यांना आपल्या एप्रिल-मे महिन्यांत विसरता येत नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःची गती कमी करतो आणि ताप तरीही वाढतच राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. म्हणजे संथ होऊन मग बंद पडत असेल तर पंखा आणि वाळलेली थर्मल पेस्ट पाहा. विजेच्या बाबतीत एसएमपीएसची 12 व्होल्टची तार 11.4 ते 12.6 या मर्यादेत हवी. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगले असतील तर ते डोळ्यांनाच दिसते. आणि तीन पिनांचा सॉकेट असला म्हणजे त्याला अर्थिंग आहे असे समजू नये. जुन्या इमारतींत तिसरे भोक नुसते शोभेचे असते.

फॉरमॅटचा हट्ट धरणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि दिवसभर तेच वापरा. तिथेही यंत्र गोठले तर विंडोज बहुधा निर्दोष आहे, फॉरमॅट करून हाती काही लागणार नाही. गोठले नाही तर संशय विंडोज, त्याचे ड्रायव्हर किंवा हार्ड डिस्क यांच्यावर राहतो, कारण पेन ड्राइव्हवर चालताना डिस्क जवळजवळ वापरात नसते.

दोन नियम कायम लक्षात ठेवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मेमरी, केबल आणि पंखा एकाच दिवशी बदलले तर बरे कशाने वाटले ते कधीच कळणार नाही. आणि उपायानंतर पुरेशी वाट पाहायची. सरासरी दोन दिवसांत एकदा गोठणारे यंत्र दोन दिवस नीट चालले म्हणजे सुधारले असे नव्हे, तो निव्वळ योगायोग असू शकतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे किमान सहा दिवस गेले तर थोडा विश्वास ठेवावा.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाकडे आहे? दुरुस्ती करणाऱ्या भाईंचीही बाजू खरी आहे. फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात, सुट्या भागावर नफा मिळतो, पण कारण शोधण्यात घालवलेल्या चार तासांचे पैसे आपण देतो का? डॉक्टरची तपासणी फी देणारे आपण, यंत्र तपासणाऱ्याला म्हणतो, "नुसतं बघितलंस, त्याचे कसले पैसे?" मग तोही नुसते बघणे सोडून देतो. निदानाला किंमत नसलेल्या बाजारात निदान मिळणार कसे? फॉरमॅट कधीच करू नये असे माझे म्हणणे नाही. व्हायरसने पोखरलेल्या विंडोजवर तोच इलाज असतो. फक्त तो तशखीसनंतर यावा.

विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष हे शब्द फळ्यावर लिहितो आणि मुले ते पाठ करतात. शेजारच्या खोलीत गोठलेला कॉम्प्युटर उभा असतो, त्या चारही शब्दांचा जिवंत धडा. शाळांनी तो मुलांच्या हाती द्यावा. ज्या मुलीवर आपण ठपका ठेवतो, तिलाच वही द्यावी आणि सांगावे, "शोध, हे का होते." मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, कारण ओळखणे आणि कमीत कमी. पुढच्या वेळी स्क्रीन गोठेल तेव्हा निदान एवढे करू या, की "कोणी केले?" असे विचारण्याआधी "केव्हा झाले?" ते वहीत लिहू.