घरचं यंत्र : जुन्या हार्ड डिस्कने मान टाकली तर…

यंदा या सदरात हार्ड डिस्कची पाळी. विषय तुम्हीच सुचवलात म्हणायचा, कारण वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांत चार जणींनी मला तोच प्रश्न विचारला.

आपल्या आखातात दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी कायमचं भारतात परततं. ‘मूव्हिंग सेल’ लागतो आणि सोफा, कुंड्या, सायकलींबरोबर एखादी वापरलेली हार्ड डिस्कही स्वस्तात दुसऱ्या घरी जाते. तिथे ती लग्नाच्या व्हिडिओंनी, मुलांच्या फोटोंनी भरते. मग एक दिवस तिचा दिवा लागतो, पण संगणकावर काहीच दिसत नाही.

आधी आत काय असतं ते पाहू. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी चकचकीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. इथे मात्र वाचणारं टोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर नुसतं तरंगतं. ते टेकलं की तबकडीवर ओरखडा. म्हणून बंद पडलेली डिस्क हलवायची नाही, आपटायची नाही. टीव्हीच्या रिमोटला आपण मारतो तशी थाप तर मुळीच नाही.

पहिली तपासणी कानाने करायची. खोलीतला एसी क्षणभर बंद करा आणि डिस्क जोडून ऐका.

काहीच आवाज नाही? मग दोष बहुधा विजेचा. आधी केबल बदला, मग पोर्ट. हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडा. लहान, खिशात मावणारी डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. मोठीला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, बहुतेक १२ व्होल्टचा. जुन्या सामानात अडॅप्टरांची अदलाबदल झालेली असते, तेव्हा त्यावरचे आकडे वाचा. अंदाजाने दुसरा लावू नका.

नेहमीसारखी घरघर आहे, पण फाइली दिसत नाहीत? दुसऱ्या संगणकावर पाहा. आधीच्या मालकाने ती मॅकवर तयार केली असेल, तर विंडोज ती वाचू शकत नाही आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. इथे ‘नाही’ म्हणायचं. यंत्र कितीही अदबीने विचारो, नाही म्हणजे नाही.

टक्… टक्… टक् असा ठरावीक आवाज? लगेच बंद करा. वाचणारं टोक आत चाचपडतंय. दर वेळी चालू केल्यावर नुकसान वाढू शकतं. आतलं सामान मोलाचं असेल तर ती माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्या, आणि आधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय कुणीतरी सांगेलच. आपल्याकडच्या दमट हवेत थंड बाटलीला बाहेर काढताच पाणी सुटतं, तसंच डिस्कलाही सुटेल. मग उरलीसुरली आशाही गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम : आधी नक्कल, मग दुरुस्ती. डिस्क थोडी वेळ जरी दिसली तरी ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्ती लगेच चालवू नका. ती आजारी डिस्कवरच खोडाखोड करते. आधी हवं ते दुसरीकडे उतरवा.

आमच्या एका मैत्रिणीकडे हेच झालं. सेलमधून घेतलेली १ टेराबाइटची डिस्क, आणि तिच्यात आईच्या आवाजातल्या १४ ध्वनिफिती. आई पुरणाचं प्रमाण सांगतेय, मधेच नातवाला रागावतेय, असं सगळं. आई आता नाही. केबल बदलल्यावर डिस्क दिसू लागली, पण एकेक फाइल उघडायला मिनिटं घेऊ लागली. आम्ही बाकी सगळं सोडून आधी तो एकच फोल्डर उतरवला. ११ फिती आल्या, ३ अडल्या. मग डिस्कपेक्षा मोठी नवी डिस्क आणून ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवला. तो आधी चांगला भाग उचलतो आणि खराब भागाशी शेवटी झगडतो. वर्गात मी मुलांना सांगायची ना, येणारे प्रश्न आधी सोडवा, अगदी तसंच! आणखी एक फीत मिळाली. दोन गेल्या. त्यांतली एक सांगलीतल्या भावाच्या फोनमध्ये सापडली, कारण तिनेच ती कधीतरी त्याला पाठवली होती. दुसरी मात्र गेलीच. त्यात काय होतं हे तिला पाठ आहे, पण आवाज नाही.

जुनी डिस्क घ्यायचीच असेल तर घेण्यापूर्वी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम चालवा. ती आजवर किती तास चालली ते कळतं. वर्षाचे तास ८,७६०. आकडा ३०,००० च्या पुढे असेल तर ती तीन वर्षांहून जास्त काळ अखंड फिरली आहे असं समजा. बदललेले किंवा अडकलेले सेक्टर शून्याहून जास्त दिसले तर ती सिनेमे ठेवायला वापरा, आठवणी ठेवायला नको. तुम्ही स्वतः डिस्क विकणार असाल तर नुसतं डिलीट पुरत नाही. फाइली परत काढता येतात. विंडोजमध्ये ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा.

आणि नक्कल एकाच घरात ठेवू नका. एक आपल्याकडे, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी गावाकडे. सुट्टीत भारतात जाताना चिवड्याच्या रिकाम्या डब्यांबरोबर एक डिस्क हातातल्या बॅगेत घाला आणि भावाच्या कपाटात ठेवून या. इकडचे नातेवाईक हा अंक वाचत असतील, त्यांनाही विनंती : परदेशातून आलेले व्हिडिओ फोन भरला म्हणून सरसकट पुसू नका. कुणाची तरी शेवटची प्रत तुमच्याकडेच असेल.

दिवाळीच्या साफसफाईत ड्रॉवरमधली ती डिस्क काढा आणि एकदा जोडून पाहा. तुम्हा सर्वांना शुभ दीपावली!