पहिला कॅमेरा जुनाच घ्या

नात चौदा वर्षांची झाली आणि फोटोग्राफी शिकायची म्हणाली. मुलाने लगेच नव्या मिररलेस कॅमेऱ्याची चौकशी सुरू केली. किंमत ऐकून मी मोडता घातला. "बाबा, शिकायचंच तर चांगल्यावर शिकू दे ना," तो म्हणाला. माझा विरोध आहे तो नेमका या समजुतीला. मंडळातल्या अनेक घरांत हाच प्रसंग येतो, म्हणून इथे लिहितो.

शिकणाऱ्याला तीन गोष्टी स्वतःच्या हाताने बदलता आल्या पाहिजेत: ॲपर्चर, शटर आणि आयएसओ. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्येही ही सोय आहे. तो सेकंडहँड घ्यावा आणि वाचलेले पैसे लेन्सवर खर्चावेत. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स ५५ मिमीला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमीची स्वस्त लेन्स एफ १.८ पर्यंत. म्हणजे सुमारे दहापट प्रकाश. पणत्यांच्या उजेडात, फ्लॅश न मारता आजीचा चेहरा टिपायचा तर उपयोग याचाच होतो. खोली लहान असेल तर ३५ मिमीची घ्यावी. एक सावधगिरी मात्र हवी: निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांना स्वतःची मोटर असलेली लेन्सच लागते.

"मग फोन काय वाईट?" असे कोणी विचारील. फोन फोटो छान काढतो, पण बहुतेक निर्णय तोच घेतो. फोटो का हलला, चेहरा काळा का आला, हे मुलांना कळतच नाही. चुकायला मिळाले नाही तर शिकणार कसे?

माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला. एका रोलवर बारा फोटो, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी दहादा विचार व्हायचा. त्या काळातला आईचा एकच फोटो माझ्याकडे उरला आहे. अंगणात पापड वाळत घालताना ती हसते आहे. फोटो हललेला आहे, पण कागदावर आहे. नातीच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, छापलेला एकही नाही.

अखेर घरात तह झाला. जुना कॅमेरा, एक लेन्स आणि माझी अट: महिन्याला बारा फोटो छापायचे. पहिले बारा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी निघणार आहेत. सराव सुरू आहे. शटर सावकाश ठेवावे लागते, हे तिचे तिलाच उमगले. काल मला दिव्याशेजारी बसवून म्हणाली, "आजोबा, आता अजिबात हलू नका."