इंदूरची ती दिवाळी

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. बारावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकली आणि पुढे वास्तुकलेकडे वळली. आता नगररचना आणि ऊर्जेची बचत हा विषय घेऊन परदेशी निघाली आहे. "सर, आता कामाला सगळे जग मोकळे!" ती म्हणाली. पेढ्यांचा पुडा उचलता उचलता आमची ही म्हणाली, "अगं, तिकडची शहरे धड आहेतच की! बिघडलेली सगळी इकडे!"

मास्तराला पेढा दिला की बदल्यात उपदेश ऐकावा लागतो. माझे आजोळ इंदूरचे, त्यामुळे मला एक गोष्ट आठवली. ती वाचकांनाही सांगतो.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ 1854 साली जन्मला. शिकला जीवशास्त्र. पण तरुणपणी डोळ्यांच्या दुखण्याने सूक्ष्मदर्शकाशी फारकत झाली, आणि तो शहरांकडे पाहू लागला. पाहू लागला म्हणजे काय, लग्न झाल्यावर लवकरच बायकोला घेऊन एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायलाच गेला! शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती रंगवल्या, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या. 1915 साली निघालेल्या 'सिटीज इन इव्होल्यूशन' या पुस्तकात त्याने कोळशाच्या आणि धुराच्या युगाला नासाडीचे युग म्हटले, आणि शक्ती जपून वापरणाऱ्या नव्या युगाची वाट दाखवली. आज ज्या विद्येच्या पदव्या मिळतात, तिचे बीज तिथे आहे.

1914 साली तो हिंदुस्थानात यायला निघाला. त्याचे नगरप्रदर्शनाचे सारे नकाशे आणि चित्रे दुसऱ्या बोटीवर होती. ती बोट 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवली. दुसरा एखादा परत फिरला असता. याने स्नेह्यांकडून नवे साहित्य जमवले आणि 1915 साली मद्रासला प्रदर्शन मांडले.

मग तो गावोगाव हिंडला, तोही पायी, गल्लीबोळांतून. त्या काळच्या इंजिनिअरांना जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रेघेचे रुंद रस्ते काढायचे असत. गेडिस म्हणे, आधी निदान, मग उपचार. पडकी घरे तेवढी काढा, तिथे अंगण ठेवा, झाड लावा, विहीर राखा. पैसा थोडा लागतो आणि माणसे उठवावी लागत नाहीत. वैद्य नाडी पाहतो तशी त्याने शहरांची नाडी पाहिली.

1917 साल मात्र त्याच्यावर उलटले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्समध्ये लढाईत पडला. बायको इकडेच अंथरुणाला खिळलेली. तिला त्याने ती बातमी कळू दिली नाही. जूनमध्ये तीही गेली.

त्याच वर्षी इंदूरची दिवाळी आली. होळकर दरबारने त्याला शहर सुधारायला बोलावले होते. शहरात प्लेगची धास्ती होती. नकाशा घेऊन फिरणारा हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, अशी लोकांत कुजबुज! गेडिसने दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले, आणि जाहीर केले की जे रस्ते सर्वांत स्वच्छ, तिथूनच दिवाळीची मिरवणूक जाईल. मग काय विचारता! घराघरांतून कचऱ्याच्या गाड्या निघाल्या. मिरवणुकीत हत्ती होते, घोडेस्वार होते, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस होता आणि प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. आणि त्यांच्याबरोबर, मानाने, शुभ्र कपड्यांत शहराचे झाडूवाले! लोकांना तुळशीची रोपे वाटली. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांनाही अग्नी दिला.

पुढे तो 1919 ते 1924 मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. जेरुसलेमला गेला, 1925 साली तेल अवीवचा आराखडा केला, आणि 1932 साली फ्रान्समध्ये वारला. एवढे जग त्याने पाहिले. पण मुलगा आणि बायको गमावून वर्षही झाले नव्हते, तेव्हा परक्या गावात दुसऱ्यांच्या घरची दिवाळी त्याने उजळली, हेच माझ्या मनातून जात नाही.

एवढे ऐकून मुलगी निघाली. अंगणात चपला घालता घालता थबकली. "सर, इथे माती होती ना? काँक्रीट कधी केलेत?"

"दोन वर्षे झाली. पावसाळ्यात चिखल घरात येई."

"दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत बसते. पाणीही मुरत नाही."

"तरीच!" ही दारातून म्हणाली, "त्याच उन्हाळ्यात आपण एसी घेतला."

सोसायटीच्या त्या ठरावावर पहिली सही माझी होती, हे मी त्या वेळी बोललो नाही. आमचे अंगण रोज पहाटे झाडणाऱ्या बाईंचे नावही मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ते विचारले. त्यांनीच सांगितले, "पूर्वी इथं सकाळी गार वाटायचं, सर."

दिवाळीनंतर सोसायटीची सभा आहे. निम्मे काँक्रीट उखडून झाडे लावावी, असा विषय मी दिला आहे. विरोधक माझीच सही मला दाखवतील, यात शंका नाही. मुलगी परदेशी पोचली. तिचा निरोप आला : "सभेचे काय झाले ते कळवा. माझा पहिला अभ्यास तुमच्याच अंगणाचा!"