किल्ली कुणाकडं?

बोधगयेला जाऊन आलो. पिंपळाखाली बसलो तर डोळे भरून आले. पण महाविहाराचा कारभार कुणाकडं? 1949 च्या कायद्यानं समितीत चार बौद्ध, चार हिंदू, वर अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो हिंदू नसला तर सरकारनं दुसरा हिंदू नेमायचा. ही अट 2013 साली गेली, कायदा गेला नाही. म्हणजे बुद्ध आमचा, किल्ली त्यांची!

भदन्त सुरई ससाईंनी 1992 साली लढा पेटवला. 2025 च्या फेब्रुवारीत भिक्खू तिथंच उपोषणाला बसले. आणि आपण? मेणबत्ती लावतो, फोटो काढतो, पिंपळपान खिशात घालून गाडी पकडतो. मीही तेच केलं. लाज वाटते.

1927 साली आपले आजे-पणजे चवदार तळ्यावर हक्क मागायला गेले होते. पुढच्या वेळी बोधगयेला जायचं ते किल्ली मागायला!